कोंबडीला विचारणाऱ्या कशावरूनताई

डब्लिनमध्ये कोणी "आज हवा छान आहे" म्हटलं, तर समोरच्याने "हो ना" म्हणायचं असतं. तो हवामानाचा विषय नसतो, शिष्टाचाराचा असतो. कशावरूनताईंना हा शिष्टाचार शेवटपर्यंत जमला नाही. टॅला या उपनगरातल्या एका कम्युनिटी हॉलबाहेर, मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला त्यांची-माझी पहिली भेट झाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आज हवा छान आहे." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग माझ्या हातातल्या ओल्या छत्रीकडे, आणि विचारलं, "कशावरून?"

त्यांचं खरं नाव डॉक्टर नलावडे. डॉक्टर म्हणजे गुरांच्या. मंडळात हॉस्पिटलवाले डॉक्टर पैशाला पासरी, त्यामुळे नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की चार माना वळायच्या आणि पाचव्या नलावडेबाईंना कोणी मोजायचं नाही. मग कोणीतरी त्यांना कशावरूनताई म्हणालं आणि ते नाव चिकटलं. इथे वाढलेली पोरंही त्यांना तेच म्हणायची. आयरिश हेल काढून त्या सात अक्षरांची पार दैना करायची, पण म्हणायची.

त्यांच्या 'कशावरून'मध्ये खवचटपणा नसायचा, हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. एका गणपतीत आमच्या अध्यक्षांनी माइक हातात घेऊन "आयर्लंडमधला सगळ्यात मोठा गणेशोत्सव" अशी सुरुवात केली. पुढच्या रांगेतून प्रश्न आला. अध्यक्ष हसले, लोक हसले, ताई हसल्या नाहीत. आरती होईपर्यंत त्यांनी कॉर्क आणि गॉलवेच्या मंडळांना फोन करून किती माणसं जेवली ते विचारून घेतलं होतं. पुढच्या वर्षी अध्यक्ष "आयर्लंडमधल्या मोठ्या गणेशोत्सवांपैकी एक" म्हणाले आणि म्हणताना त्यांचा चेहरा एखाद्याने मोदक काढून घ्यावा तसा झाला.

साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. गाई-म्हशींची कृत्रिम रेतनं, शेळ्यांची बाळंतपणं आणि वरच्या साहेबांचा कुत्रा, हा तिथला कारभार. चाळिशीला टेकल्यावर ती नोकरी सोडून त्या डब्लिनला आल्या आणि प्राण्यांचं सुखदुःख मोजायचं कसं, या विषयात उच्च शिक्षण घेतलं. हा विषय ऐकून मंडळातल्या हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना विचारलं होतं, "म्हणजे एक्झॅक्टली काय करता तुम्ही?" ताई म्हणाल्या, "कोंबडीला विचारते."

विचारायची पद्धतही त्यांनी मला एकदा समजावून सांगितली, टॅलाच्या त्यांच्या खोलीत, चहाच्या कपाच्या साक्षीने. "हे बघ सुयोग, कोंबडीला दोन खोल्या द्यायच्या. मधे एक ढकलायचं दार. पलीकडे तिला काय हवंय असं आपल्याला वाटतं ते ठेवायचं. अंडं घालायला आडोसा ठेव, नाहीतर उकरायला भुसा ठेव. मग दाराला वजन लावायचं. थोडं लाव, ती ढकलते. अजून लाव. ती जिथे ढकलायची थांबते ना, तेवढी तिची गरज. आडोशासाठी कोंबडी काय जोर लावते म्हणून सांगू! दुसऱ्या कशासाठी नुसती दाराशी जाऊन परत येते. तिच्या तोंडाकडे बघून आपण काय वाटेल ते ठरवतो. दाराकडे बघावं."

आता माझ्याविषयी. मी ग्रँड कॅनाल डॉकच्या एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर लिहितो. एक व्हिडिओ पाहून एका रात्रीत माझं मतपरिवर्तन झालं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून मी दूध, अंडी, मांस सगळं सोडलं होतं. आईने पुण्याहून पाठवलेलं साजूक तूप तेवढं सोडलं नव्हतं, कारण ते आधीच कढवलेलं होतं. मतपरिवर्तन झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी प्राण्यांसाठी लढणाऱ्या एका चिमुकल्या संस्थेची वेबसाइट फुकट चालवायला घेतली. संस्थेत पगारी माणसं दोन. एक ऑर्ला, संस्थेची संचालक, पिंजऱ्यातली कोंबडी दिसली की जिच्या डोळ्यांना धार लागायची. दुसऱ्या कशावरूनताई, ज्या पिंजऱ्यातली कोंबडी दिसली की घड्याळ लावून तिच्याकडे बघत बसायच्या.

संस्थेचा नियम असा होता की बाहेर जाणारं प्रत्येक वाक्य ताईंच्या हाताखालून जायचं. त्या तीन रंगांच्या पेनांनी ते रंगवायच्या. हिरवा म्हणजे हे माहीत आहे. पिवळा म्हणजे बहुधा असावं. लाल म्हणजे हे आपल्याला वाटतं. माझं पहिलं पत्रक परत आलं तेव्हा ते लग्नाच्या मांडवासारखं लालेलाल होतं. 'पिंजऱ्यातली कोंबडी आयुष्यभर मूकपणे रडते' या माझ्या सर्वांत आवडत्या वाक्याखाली दोन लाल रेघा होत्या.

"यात चूक काय आहे, ताई?"

"मूकपणे रडते म्हणतोस. मग तुला कळलं कसं?"

"अहो, ते काव्यात्म आहे!"

"काव्याला माझी हरकत नाही. खाली लिही, 'हे काव्य आहे'."

ऑर्ला मध्यस्थी करायची. तिचं म्हणणं होतं, लोक पिवळ्या वाक्यांना देणगी देत नाहीत. 'उपलब्ध माहितीनुसार कोंबडीला बहुधा बरं वाटत नसावं' असं वाचून कोणी पाकीट उघडलेलं तिने पाहिलं नव्हतं. यावर ताईंना उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्या तसं सांगायच्या. तेवढ्याने ऑर्लाचा राग अर्धा व्हायचा. उरलेला अर्धा ती गिळायची आणि "इट्स ग्रँड" म्हणायची. या देशात 'ग्रँड'चा अर्थ उत्तम, बरं, चालेल, नको आणि देव तुझं भलं करो यांपैकी काहीही होऊ शकतो. ताई मला मराठीत म्हणायच्या, "ग्रँड हा काही पुरावा नव्हे."

लढाई होती ती पिंजऱ्यांशी. जुने, अगदी खुराड्यासारखे पिंजरे युरोपात केव्हाच बंद झाले होते. त्यांच्या जागी जे आले त्यांना कायद्याने 'समृद्ध पिंजरे' म्हणतात. समृद्धी म्हणजे थोडी जास्त जागा, बसायला एक दांडी आणि आडोशाला लोंबता प्लास्टिकचा पडदा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी हे म्हटलं की ताई लगेच हिशोब नीट करायच्या, "दांडीचा उपयोग होतो रे. पडद्याचाही होतो. पुरत नाही, एवढंच म्हण." शत्रूचीही बाजू घेणारा असा सेनापती मिळाला की सैन्याचा काय उत्साह राहणार!

बरं, त्या आपल्या बाजूलाही सोडायच्या नाहीत. एका उन्हाळ्यात त्यांची आई गावाहून राहायला आली होती. सुपरमार्केटमध्ये मी म्हातारीला कौतुकाने मोकळ्यावर वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी दाखवली. खोक्यावर हिरवं कुरण होतं आणि त्यात एक कोंबडी अक्षरशः हसत होती. म्हातारी म्हणाली, "आमच्या बी गावभर हुंदडत्यात की. पर मुंगसानं किती न्हेल्या, ते बी छापा म्हनावं खोक्यावर." मी हसलो. ताई हसल्या नाहीत. "आई बरोबर बोलतीय," त्या म्हणाल्या, "मोकळी सोडली म्हणजे सुखी झाली, हे कशावरून?" म्हातारीने कपाळावर हात मारला. "लहानपनापासनं असंच करतीया. हिला बघायला आल्याल्या पावण्यालाबी तेच इचारलं हिनं." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, पण ताईंचं लग्न झालेलं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण त्या हिवाळ्यात संस्थेच्या मोठ्या देणगीदाराने ऑर्लाला सांगितलं की उन्हाळ्याआधी एखादा ठोस विजय दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. संस्था बुडाली तर ऑर्ला परत शाळेत शिकवायला जाणार होती. मला तर पगारच नव्हता. टांगणीला लागल्या होत्या त्या ताई. त्यांचं वर्क परमिट या नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी गेली की देश गेला, आणि गावाकडची नोकरी त्या सोडून आलेल्या. परत जाऊन काय करणार, असं मी एकदा विचारलं. "दवाखान्यात घेतलं परत तर घेतलं," त्या म्हणाल्या, "पण तिथे कोंबडीला विचारायला मला कोण देणार?" हे मात्र त्यांनी इतक्या हळू सांगितलं की पुढे विनोद करायचं माझ्या जिवावर आलं.

ठोस विजय एकच दिसत होता. ऑफिसांच्या कँटीनना जेवण पुरवणारी एक बडी कंपनी होती. माझ्या काचेच्या इमारतीतली सकाळची अंडीही तीच पुरवायची. त्या कंपनीने पिंजऱ्यातली अंडी घेणं बंद केलं असतं, तर मॉनाहनकडच्या तिच्या पुरवठादाराला पिंजरे काढावेच लागले असते. खूप खटपटी करून ऑर्लाने कंपनीच्या खरेदीप्रमुखाची वेळ मिळवली. चेरीवूडला, त्यांच्या ऑफिसात, अर्धा तास.

आम्ही तिघं गेलो. मी स्लाइड दाखवायला. खरेदीप्रमुख डेक्लन नावाचा पन्नाशीचा, संथ माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऑर्ला फार सुंदर बोलली. डेक्लनने मान हलवली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे पिंजऱ्यातून बाहेर काढल्या की त्या सुखी होतील?"

ऑर्लाने 'अर्थात' म्हणायला तोंड उघडलं होतं. मी टेबलाखालून ताईंच्या बुटाला बूट लावला, गप्प बसा या अर्थी. ताईंनी पाय बाजूला घेतला.

"सगळ्या नाही," त्या म्हणाल्या. "उघड्या शेडमध्ये कोंबड्या उंचावरून उड्या मारतात, हाडं मोडून घेतात. एकमेकींना टोचतात. शेड वाईट चालवलं तर पिंजऱ्यातल्यापेक्षा जास्तही मरू शकतात. आम्हाला नक्की माहीत आहे ते एवढंच की त्यांना आडोसा हवा असतो, उकरायला हवं असतं, धुळीत अंग घासायला हवं असतं आणि त्यासाठी त्या जिवाचा आटापिटा करतात. पिंजऱ्यात यातलं काही पुरेसं देता येत नाही. शेडमध्ये देता येतं. पण ते नुसतं शेड बांधून होत नाही, नीट चालवावं लागतं. तुम्ही नुसते पिंजरे काढणार असाल आणि पुढे बघणार नसाल, तर काढू नका."

काढू नका! ऑर्लाचं पेन जागच्या जागी थांबलं. पिंजरे काढा म्हणून सांगायला आलेल्या संस्थेच्या पगारी तज्ज्ञाने, पिंजरेवाल्यांच्या गिऱ्हाइकाला, काढू नका म्हणून सांगितलं होतं. स्वतःच्या परमिटवर असा पाय देणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डेक्लन उठला, सगळ्यांशी हात मिळवले आणि म्हणाला, "ग्रँड."

आम्ही लुआस ट्रामने परत निघालो. दोन-तीन स्टेशनं गेल्यावर ऑर्ला म्हणाली, तू नुसतं हो म्हणाली असतीस तरी चाललं असतं. ताई म्हणाल्या, "त्याला त्याच्या पुरवठादाराने सांगितलंच असतं. मग आपलं बाकीचंही खोटं ठरलं असतं." माझ्याकडे वळून मराठीत पुस्ती जोडली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय का?" मला त्यांचा इतका राग आला होता की म्हणीतलं कोंबडंसुद्धा नकोसं झालं होतं. राग कसला, भीती होती ती. शहरात मराठी माणसं ढीगभर होती, पण माझी लाल वाक्यं वाचून मला परत करणारं तेवढं एकच माणूस होतं.

आणि मग व्हायचं त्याच्या उलटंच झालं. काही आठवड्यांनी डेक्लनची ईमेल आली. कंपनी पिंजऱ्यातली अंडी बंद करणार होती. डेक्लनने लिहिलं होतं की तो स्वतः मॉनाहनच्या कोंबड्यावाल्यांच्या घरचा आहे, आजवर प्रत्येक बाजूच्या माणसाने त्याला कोंबड्या सुखी असल्याचंच सांगितलं, 'सगळ्या नाही' म्हणणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली. पुरवठादाराने शेड नीट चालवण्याच्या ताईंच्या सगळ्या अटी मान्य कराव्यात, एवढीच त्याची मागणी होती. ऑर्लाने ताईंना मिठी मारली आणि ती इतकी रडली की ताईंवरचा माझा उरलासुरला रागही वाहून गेला. गंगेत घोडं न्हालं.

विजयाच्या पार्टीला दुधाअंड्यांशिवायचा केक होता आणि भिंतीवर मी केलेलं पोस्टर, 'हजारो कोंबड्या आनंदी!' ताईंनी खिशातून लाल पेन काढलं, 'आनंदी' खोडलं आणि वर लिहिलं, 'पिंजऱ्याबाहेर'. मग केक खाल्ला.

देणगीदारही पार्टीला आला होता. तो फार खूश झाला. इतका खूश की त्याने जाहीर करून टाकलं, कोंबड्यांचा प्रश्न आता सुटला, यापुढचा पैसा समुद्रातल्या सील माशांसाठी. ते मासे नाहीत, असं ताई हळूच म्हणाल्या. ऑर्लाला सीलसाठी नोकरीवर ठेवलं. ताईंचा विषय कोंबड्या, आणि कोंबड्यांचं काम फत्ते झालेलं. हरलो असतो तर नोकरी जाणार होती, जिंकलो म्हणून गेली. ऑर्ला हे सांगायला स्वतः टॅलाला गेली होती. तिला चहा ताईंनीच करून दिला म्हणे.

परमिटची मुदत संपत आली, तेव्हा त्यांना नोकरी सांगून आली. देणारा होता मॉनाहनचा तोच अंडीवाला, ज्याच्याशी आम्ही लढलो होतो. अटी मान्य करून बसला होता आणि त्या पाळायच्या कशा हे त्याला कळत नव्हतं. ताईंनी होकार दिला. संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली तेव्हा आधी एक रडका चेहरा, मग 'विकली गेली'. मंडळात अध्यक्षांनी, मोदकाची आठवण ठेवून, "शेवटी अंड्यांनाच फुटल्या" असा विनोद केला.

त्यांचं सामान बांधायला मी गेलो होतो. प्रेसमधली, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातली, भांडी काढताना मी म्हणालोच, "ताई, शत्रूच्या गोटात चाललात."

"शत्रू कशावरून?"

"पिंजरे त्यानेच लावले होते!"

"आणि काढतोय कोण? कोंबड्या त्याच्याकडेच आहेत बाबा. ऑर्लाकडे पोस्टर आहेत."

"खरं सांगा. परमिटसाठी चाललात ना?"

त्यांनी हातातली कढई खाली ठेवली आणि नेहमीसारखा नीट विचार केला. "परमिटसाठीही चाललेय. कोंबड्यांसाठीही चाललेय. कुठलं किती, ते मला सांगता येत नाही. कोंबडीला दार लावून बघता येतं. स्वतःला कसं लावायचं?" मग कढई उचलून माझ्या हातात दिली. "ही तू घे. तुझ्या तुपाला बरी पडेल."

तुपाचं त्यांना माहीत होतं तर. मी कढई घेतली. त्यांची बस गेल्यावर ती हातात धरून स्टॉपवर उभा राहिलो आणि आयरिश लोक माझ्याकडे न बघितल्यासारखं करत राहिले.

ताई गेल्या आणि मी कामाचा उरलो नाही, म्हणजे कोणाच्या वाक्यांवर विश्वास बसेना. ऑफिसात कोणी "युजर्सना हे फार आवडेल" म्हणालं की माझ्या तोंडून निघायचं, "हे कशावरून?" बढती लांबली त्याचं कारण हेच असावं. बहुधा. पिवळं वाक्य आहे हे.

गेल्या वसंतात ताईंचा फोन आला, "नवं शेड सुरू झालंय. बघायला येतोस?" मी बसने गेलो. ताईंनी मला पांढरा झगा चढवायला लावला, बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावले आणि दाराशी उभं करून बजावलं, "हलायचं नाही. बोलायचं नाही. त्या आपल्याला विसरल्या पाहिजेत." आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. पांगलेल्या कोंबड्या हळूहळू जवळ आल्या. समोर नवा कोरडा भुसा पसरला होता. कोंबड्या नुकत्याच तिथे आणलेल्या होत्या, भुसा बऱ्याच जणींनी पहिल्यांदाच पाहिला होता. एक लालसर कोंबडी आली. तिने तो पायाने उकरला. थांबली. परत उकरला. मग एकदम बसली, कलंडली, पंख पसरले, आणि भुसा अंगावर उडवत अशी काही लोळायला लागली की पाय कुठे, मान कुठे, काही कळेना. शिकवलं कोणीच नव्हतं. तिला जमतही धड नव्हतं. पण ती थांबेना.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, "ताई, किती खूश आहे हो ती!"

म्हणालो आणि वाट पाहत राहिलो. ताईंचे ओठ सवयीने हलले. आवाज काही आला नाही. त्यांनी झग्याच्या बाहीने डोळे पुसले, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि कोंबडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "इथे धूळ फार उडते."

कशावरून, असं मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही.